मढ : वळशापलीकडचे गाव

वेसाव्याच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर मढचा धक्का दिसतो. माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत, पण होडीवर चढवली जाणारी मोटारसायकल दिसते, एवढेच अंतर. तरीत बसले की काही मिनिटांत आपण पलीकडे. हाच प्रवास रस्त्याने करायचा तर अंधेरी, मालाड, मार्वे रोड असा वीसेक किलोमीटरचा वळसा पडतो. मढविषयी गेली काही वर्षे मी जे वाचले आणि पाहिले, त्यावरून माझे असे मत झाले आहे की या गावाचे आकर्षण मुख्यतः या वळशाने सांभाळले. आता वेसावे-मढ पूल महापालिकेने हाती घेतला आहे. वळसा संपण्याआधी त्याचा हिशेब मांडून ठेवावा, म्हणून हा लेख.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. मालाडला राहतो, नोकरी सांभाळून गॅझेटियर आणि नकाशे वाचायला आपले आपणच शिकलो. मढची ओळख लहानपणची. मालाड स्टेशनबाहेरून २७१ क्रमांकाची बस पकडायची आणि खिडकीजवळ बसायचे. मार्वे मागे पडले की आक्सा, भाटी, एरंगळ अशी गावे येत. शेवटच्या थांब्याच्या बऱ्याच आधी सुक्या मासळीचा वास येई आणि वडील म्हणत, "आलं मढ."

लोक मढला बेट म्हणतात. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला मालाडची खाडी. साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी लहान लहान बेटांची रांगच होती. मढ, वेसावे, जुहू ही त्यांतलीच. खाजण, भराव आणि रस्ते यांनी ती हळूहळू मुख्य भूमीला जोडली गेली. नाव मात्र बेटाचेच राहिले.

मुंबईचा इतिहास सांगताना आपण सहसा इंग्रजांपासून सुरुवात करतो. मढला तो क्रम लागू पडत नाही. १५३४च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई, साष्टी आणि मुंबई पोर्तुगीजांना दिली. पुढे १६६१च्या विवाह-कराराने मुंबई इंग्रजांकडे गेली, साष्टी गेली नाही. म्हणजे दक्षिणेला इंग्रजी मुंबई वाढत होती, तेव्हा मढ पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. त्या काळाच्या दोन खुणा आजही उभ्या आहेत. एक एरंगळच्या किनाऱ्यावरचे संत बोनाव्हेंचरचे चर्च. त्याचे साल १५७५ सांगतात. दुसरी खाडीच्या तोंडावरचा सतराव्या शतकातला किल्ला, ज्याला कोणी मढचा म्हणतात तर कोणी वेसाव्याचा. समुद्रातून खाडीत शिरणारे प्रत्येक गलबत त्याच्या नजरेच्या टप्प्यात येई. १७३७ साली मराठ्यांनी ठाण्यासह साष्टीचा बराचसा भाग घेतला, तरी हा किल्ला १७३९पर्यंत टिकला. त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. १७७४मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. सत्ता बदलल्या, एरंगळची जत्रा आणि मढची हरबादेवी दोन्ही टिकल्या. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी भरणाऱ्या एरंगळच्या जत्रेला आजही ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि हिंदू कोळी सारख्याच उत्साहाने जातात.

मढ बृहन्मुंबईत आले ते १९५७ साली, महापालिकेची हद्द उत्तरेला दहिसरपर्यंत वाढली तेव्हा. शहरातले धनिक मात्र हवापालटासाठी त्याआधीपासून या किनाऱ्यावर येत. मोटारी आल्या तसे समुद्राकाठी बंगले उठले. पुढे हेच बंगले चित्रपटांना आणि मालिकांना भाड्याने जाऊ लागले. मढ कधीही न पाहिलेल्या माणसानेही पडद्यावर तिथला एखादा जिना, एखादे अंगण पाहिलेले असते.

पर्यटकाला जे मढ दिसते, त्याच्याखाली दुसरे एक मढ आहे आणि ते चंद्रावर चालते. इथली जुनी मासेमारी डोलीची. डोल म्हणजे निमुळत्या पिशवीसारखे लांबलचक जाळे. त्याचे रुंद तोंड समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधतात आणि भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी आत ढकलतो. होडीने जाळे ओढत फिरायचे नसते. प्रवाहाची वाट पाहायची असते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात प्रवाह जोराचा, म्हणून जाळे भरते. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंद होते. त्याला भांग म्हणतात, आणि तेव्हा मासळी कमी.

डोलीत येणारा मुख्य मासा बोंबील. तो अंगाने इतका पाणीदार की लगेच विकला नाही तर वाळवावाच लागतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करतात आणि बांबूच्या मांडवांवरच्या दोऱ्यांवर टांगतात. ऊन आणि वारा मिळाला की काही दिवसांत ते खडखडीत होतात. हे काम बायकांचे, आणि त्याला मोकळी जागा लागते. जवळा पसरायला खळे लागते. नकाशावर ही जागा रिकामी दिसते. घर नाही, शेत नाही. मग बांधकाम करायला काय हरकत, असे पाहणाऱ्याला वाटते. मढच्या जमिनीचे बहुतेक तंटे मला या एका गैरसमजाभोवती फिरताना दिसतात.

एकदा खळ्यावर एका वयस्क कोळणीला मी विचारले, की रविवारच्या गर्दीचा त्रास होतो का? ती हातातले काम न थांबवता म्हणाली, "रविवार तुमचा. आमची सुट्टी भांगाला." सुट्टीच्या गावाचा इतिहास लिहायला निघालेल्या मला ते वाक्य फार उपयोगी पडले. एकाच वाळूवर दोन पंचांगे चालू आहेत, हे त्यामुळे कळले. आक्साच्या किनाऱ्यावर आजवर कितीतरी जण बुडाले. रविवारचे पंचांग पाहून आलेला माणूस पाण्याचे पंचांग पाहत नाही, हे त्याचे एक कारण आहे.

मढ एवढे मोकळे कसे राहिले? गावाचे सौंदर्य जपायचे असे ठरवून कोणी काही केले नाही. खाडी आडवी होती. मार्वेला नौदलाचा 'हमला' तळ आला. किल्ला हवाई दलाच्या अखत्यारीत गेला. तो आपण बाहेरूनच पाहायचा. १९९१ साली किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली आणि भरतीरेषेजवळच्या बांधकामावर बंधने आली. ती सर्रास मोडलीही गेली. एप्रिल २०२३मध्ये महापालिकेने इथले चित्रीकरणाचे मोठे स्टुडिओ पाडले, ते याच वादातून. अडचण, मनाई आणि वळसा या तिघांनी मिळून मढ राखले, आणि त्यांच्या सावलीत खळी वाचली.

पुलाला विरोध करणे मला जमत नाही. पावसाळ्यात अडल्या बाईला दवाखान्यात न्यायचे तर वीस किलोमीटर फार होतात. कॉलेजला जाणाऱ्या मुलांनी रोज तरीवर का अवलंबून राहावे? माझी भीती वेगळी आहे. पूल झाला की जमिनीचा भाव चढेल, आणि जिची मालकी कागदावर कच्ची आहे ती जमीन आधी जाईल. खळ्याचा कागद बहुधा कच्चाच असतो. म्हणून पुलाच्या नकाशाबरोबर खळ्यांचा, होड्या ओढून ठेवायच्या जागांचा आणि धक्क्याच्या वाटांचाही नकाशा झाला पाहिजे, आणि तो कोळ्यांना विचारून झाला पाहिजे. आधी मोजून ठेवलेली जागा हिरावणे थोडे तरी कठीण जाते.

मी माझ्या परीने सुरुवात केली आहे. दर भांगाला वही घेऊन तरीने जातो आणि एकेक खळे पावलांनी मोजून लिहून ठेवतो. वाचकांपैकी कोणी मढला जाणार असेल तर एवढेच सांगेन, की निघण्याआधी कॅलेंडरात तारखेखालची तिथीही पाहा.