बाळाची शी-शू आणि मोठ्यांचा वेळ

दोन-तीन महिन्यांचे बाळ ज्या घरात आहे, त्या घरात एके काळी सकाळी एक दृश्य हमखास दिसे. दूध पिऊन तृप्त झालेले बाळ जरा चुळबुळ करू लागे, मग क्षणभर स्तब्ध होई, त्याचा चेहरा लालसर होई. आजीला तेवढी खूण पुरे. ती मोरीजवळ पाटावर बसे, दोन पावले किंचित अंतरावर ठेवून त्यांवर बाळाला बसवी, पाठीला हाताचा आधार देई आणि ओठांनी ‘शूऽऽ’ असा बारीक आवाज काढी. एक-दोन मिनिटांत काम उरके. या क्रियेला कोणी शास्त्र म्हटले नाही की तिच्यावर कोणी ग्रंथ लिहिला नाही. ‘पायांवर बसवणे’ एवढेच तिचे नाव होते आणि ती एका पिढीच्या हातून दुसरीच्या हाती जात असे.

आज शहरांतील आणि आता तालुक्याच्या गावांतीलही अनेक घरांतून हे दृश्य नाहीसे होत आहे. बाळ दिवसरात्र डायपरमध्ये असते. आजीने काही सुचवलेच तर तिला सांगितले जाते की दोन वर्षांपर्यंत मुलाला मलमूत्रावर ताबाच नसतो, तेव्हा आधीपासून बसवण्यात काही अर्थ नाही. आजी गप्प बसते. शास्त्राचे नाव निघाले की अनुभवाने गप्प बसावे, असा आपल्याकडे संकेतच पडून गेला आहे. परंतु हे शास्त्र नेमके काय म्हणते, हे एकदा तपासून पाहावयास हवे.

मुदत कोणी ठरवली?

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेतील तज्ज्ञांचा सल्ला आजच्या नेमका उलट होता. बाळाला पहिल्या काही महिन्यांतच घड्याळाच्या काट्यावर भांड्यावर बसवावे आणि शिस्त लावावी, असे सरकारी पुस्तिकाही सांगत. त्यात बाळाच्या इच्छेला किंवा खुणेला स्थान नव्हते. होता तो केवळ वेळापत्रकाचा धाक. या कठोरपणाविरुद्ध प्रतिक्रिया उमटणे अपरिहार्य होते. १९४६ साली बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनावरील पुस्तकाने मातापित्यांना धीर धरावयास सांगितले. पुढे १९६२ साली टी. बेरी ब्रेझेल्टन या बालरोगतज्ज्ञांनी आपल्याकडे येणाऱ्या १,१७० मुलांच्या नोंदींवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. मूल स्वतः तयार झाल्याच्या खुणा दिसेपर्यंत थांबावे, हा त्याचा गाभा. या मुलांना दिवसाचा ताबा यावयास सरासरी सव्वादोन वर्षांहून थोडा अधिक काळ लागला.

योगायोग असा की त्याच सुमारास, १९६१ च्या अखेरीस, अमेरिकेतील पिओरिया शहरात ‘पॅम्पर्स’ हा वापरून फेकावयाचा डायपर प्रथम विक्रीस आला. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध जोडण्याची घाई करू नये. ब्रेझेल्टन यांचा हेतू मुलांवरील जबरदस्ती थांबवण्याचा होता आणि तो स्तुत्यच होता. मात्र १९९० च्या दशकाच्या अखेरीस हेच डॉक्टर त्याच डायपरच्या जाहिरातीत दिसले, तेव्हा अमेरिकेतही बरीच टीका झाली, हेही नमूद केले पाहिजे.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा तर्काचा आहे. या १,१७० मुलांना शिकवण्यास प्रारंभच मुळी सुमारे दीड वर्षानंतर करावा, असे त्यांच्या आईबापांना सांगितलेले होते. ज्या मुलांना दीड वर्षे काही शिकवलेच नाही, ती सव्वादोन वर्षांनी शिकली, यावरून त्या मुलांबद्दल काही कळते. मानवी बालकाच्या मर्यादेबद्दल नव्हे. एका देशातील, एका काळातील रीत ही निसर्गाचा नियम म्हणून जगभर गेली, येथेच गफलत झाली.

केनिया आणि व्हिएतनाम

१९७७ साली डीव्हरीज दांपत्याने केनियाच्या किनारपट्टीवरील डिगो लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील आई बाळ दोन-तीन आठवड्यांचे असतानाच जमिनीवर पाय पसरून बसते, त्याला आपल्या पायांमध्ये आधाराने धरते आणि विशिष्ट आवाज काढते. बाळाने प्रतिसाद दिला की त्याला पाजते, कुरवाळते. पाच-सहा महिन्यांत ही बाळे दिवसा व रात्रीही बऱ्यापैकी कोरडी राहू लागतात, असे त्यांना आढळले. मराठी आजीने हे वर्णन वाचले असते तर तिला आपल्या मोरीचीच आठवण झाली असती.

व्हिएतनाममधील माता शीळ घालतात. २०१३ च्या सुमारास स्वीडिश व व्हिएतनामी संशोधकांनी तेथील मुलांची स्वीडनमधील मुलांशी तुलना केली. व्हिएतनामी मुलांचे मूत्राशय नवव्या महिन्यापर्यंत पूर्ण रिकामे होऊ लागले होते. स्वीडनमधील मुलांना तो टप्पा गाठावयास सुमारे तीन वर्षे लागली. हे अभ्यास लहान आहेत, त्यांवरून मोठे इमले बांधू नयेत. तथापि ‘आधी बसवण्यात अर्थ नाही’ हे विधान सरसकट खरे नाही, एवढे दाखवण्यास ते पुरेसे आहेत.

येथे ‘ताबा’ या शब्दाचा घोळ दूर केला पाहिजे. तीन महिन्यांचे बाळ मोठ्या माणसाप्रमाणे स्वतःला आवरून धरू शकत नाही, हे खरेच. परंतु पोटात दूध गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, आणि झोपेतून उठल्यावर बाळ बहुधा शू करते. या वेळा मोठ्यांना हेरता येतात. आवाज आणि बसण्याची स्थिती यांचा संबंध बाळाच्या अंगवळणी पडतो. म्हणजे प्रारंभी शिकते ते बाळ नव्हे, त्याला सांभाळणारे माणूस शिकते. दिवसरात्र डायपर असला की ओलेपणा ना बाळाला जाणवतो, ना मोठ्यांना दिसतो; खुणा होत राहतात, पण त्या वाचणारे कोणी नसते.

गंमत अशी की लॉरी बाउक या अमेरिकन लेखिकेने ही रीत १९७९ साली भारतातून आलेल्या एका पाहुण्या बाईकडून शिकून घेतली आणि पुढे तीवर पुस्तके लिहिली. आज अमेरिकेतील काही पालक ती नव्याने शिकत आहेत, आणि आपण ती मोडीत काढीत आहोत.

वेळ कोणाचा?

एवढे म्हटल्यावर जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. जुनी रीत स्त्रियांच्या बिनमोल कष्टांवर उभी होती. पावसाळ्यात न वाळणारी दुपटी शेगडीच्या उबेवर सुकवणाऱ्या बाळंतिणीला आणि रात्री चार वेळा उठून लंगोट बदलणाऱ्या आईला विचारले, तर डायपरने तिला झोप दिली असेच ती सांगेल. दोन खोल्यांचे घर, दिवसाआड येणारे पाणी, साडेनवाची लोकल आणि पाळणाघरात एका बाईच्या अंगावर दहा मुले, अशा स्थितीत तिने डायपर घेतला तर तिला दोष देणारे आपण कोण? ‘पूर्वीच्या बायका करीत होत्या’ हे वाक्य बहुधा त्यांच्याच तोंडी असते, ज्यांनी स्वतः कधी एकही लंगोट धुतलेला नाही.

परंतु डायपरने कष्ट नाहीसे झाले, हाही भ्रमच आहे. ते केवळ दुसऱ्याच्या अंगावर गेले. दिवसाला पाच धरले तरी अडीच वर्षांत एका मुलामागे साडेचार हजारांहून अधिक डायपर होतात. नगाला दहा रुपये धरले तर पंचेचाळीस हजार रुपये. कारकुनाच्या किंवा विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाच्या घरी ही रक्कम लहान नव्हे. आणि प्लॅस्टिक, लगदा व पाणी शोषणारे रसायन यांचे ते ओझे शेवटी कोणाच्या तरी हाताने उचलावेच लागते. पुण्यात कचरावेचक स्त्रियांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेला नागरिकांना विनवावे लागले की असा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, म्हणजे तो उघडा हाताळण्याची पाळी आमच्यावर येणार नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांकडे विल्हेवाटीच्या वेष्टनाची अपेक्षा ठेवली. ते वेष्टन किती घरांत वापरले जाते, हे प्रत्येकाने आपल्या कचऱ्याच्या डब्याशी जाऊन पाहावे.

तेव्हा डायपर की पायांवर बसवणे, असा टोकाचा वाद घालण्याचे कारण नाही. सकाळी उठल्यावर, दूध पाजल्यानंतर आणि आंघोळीपूर्वी, असे दिवसातून तीन वेळा बाळाला बसवले तरी पुष्कळ साधते. प्रवासाला किंवा रात्री डायपर वापरावा. बाळ अंग ताठ करू लागले, रडू लागले की लगेच उचलून घ्यावे. रागावणे, जबरीने बसवून ठेवणे हे त्या जुन्या अमेरिकन वेळापत्रकाइतकेच घातक. आणि मूल आज कोरडे राहिले नाही म्हणून कोणत्याही आईने शेजारणीसमोर खाली मान घालू नये.

२०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. बाळाच्या खुणा ओळखावयास शिकण्याचा काळ तो हाच. पण त्या कायद्याने रजा दिली ती आईला. बाप दुसऱ्या आठवड्यात कचेरीत रुजू होतो आणि घरी आला की बाळाला दुरूनच खेळवतो. खरी अडचण येथे आहे. ही विद्या टिकवावयाची तर ती एकट्या आईच्या किंवा थकलेल्या आजीच्या माथी मारून टिकणार नाही. कचेरीला निघण्यापूर्वी बापाला दहा मिनिटे नक्कीच काढता येतात, आणि बाळाला ओळखीचा आधार पुरतो. पावले आजीचीच असली पाहिजेत, असा त्याचा मुळीच आग्रह नसतो.