हुप्प्या आला आणि वाचक दुभंगले

व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ एका बैठकीत वाचून होते. पुस्तक लहानसं, भाषा साधी आणि नायक, खलनायक, आया, पोरं सगळी वानरं. रानात वानरांच्या टोळ्या आहेत. प्रत्येक टोळीचा मुलूख ठरलेला आहे आणि हद्दीवरून चकमकी झडताहेत. मग एक दमदार नर जुन्या हुप्प्याला हुसकावून लावतो, टोळी ताब्यात घेतो आणि आयांच्या अंगावर पिणारी पिल्लं मारून टाकतो. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पण ती कशाबद्दल आहे यावर चाळीस वर्षांनंतरही दोन वाचकांचं एकमत होत नाही!

चार जणांना विचारून बघा. पहिला म्हणेल, ही राजकारणाची गोष्ट. कादंबरी आली १९८२ साली. त्याआधी देशाने आणीबाणी सोसली होती, १९७७ साली दिल्लीतलं सरकार पडलेलं आणि १९८० साली पुन्हा उलटलेलं पाहिलं होतं. महाराष्ट्रानेही १९७८ साली आपलं मंत्रिमंडळ उलथताना पाहिलं होतं. अशा दिवसांत वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचा शब्द कादंबरीच्या कपाळावर आला, तर झाडावरच्या हुप्प्यात ओळखीचा पुढारी दिसणारच. दुसरा म्हणेल, छे, माणसाला जरा बाजूला ठेवा! ‘बनगरवाडी’चा हा लेखक पुढे रानावनांत रमला, नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम टाकून त्यावर पुस्तक लिहिलं. त्याने वानरं लिहिलीत ती वानरंच आहेत. तिसऱ्याची तक्रार वेगळी असते: याला कादंबरी म्हणायचं की प्राणिशास्त्राची टिपणं? आणि चौथ्याने पुस्तक मधेच मिटलेलं असतं. पिल्लं मारली जातात ते एक वेळ सोसेल, पण ज्याने पोर मारलं त्याच्याशीच आई पुढे संसार मांडते, हे त्याला सोसत नाही.

१९८३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. वाद मात्र मिटला नाही. आणि आता ऐका यातली थक्क करणारी गोष्ट. हाच वाद, जवळजवळ याच सुरांत, जगभरचे शास्त्रज्ञ घालत होते. त्यांच्यापुढे कादंबरी नव्हती, खरी वानरं होती. तीही आपल्याच देशातली!

सुरुवात होते १९५८च्या सुमाराला. फिलिस जे नावाची अमेरिकन अभ्यासक भारतात आली. बस्तरातल्या ओरछाच्या जंगलात आणि उत्तर प्रदेशातल्या कौकोरी गावाजवळ तिने महिनोन्‌महिने वानरं पाहिली. तिला काय दिसलं? शांत, समजूतदार समाज. नुकतं जन्मलेलं काळसर पिल्लू, आणि ते हातात घ्यायला टोळीतल्या इतर वानरींची लगबग. आई शांतपणे पाला खाते आहे, पिल्लू या मावशीकडून त्या मावशीकडे फिरतं आहे. मारामारी क्वचित. आपल्या मनातल्या हनुमंताच्या वंशाला साजेसंच चित्र.

मग १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडच्या रानात युकिमारू सुगियामा हे जपानी शास्त्रज्ञ आले. धारवाड म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेपासून फार दूर नाही. तिथे त्यांनी जे पाहिलं ते आधी कुणी नोंदलेलं नव्हतं. सड्या नरांचा जमाव एका टोळीवर चालून आला, त्यांतल्या एकाने जुन्या हुप्प्याला घालवून टोळी घेतली आणि पिल्लांचा फडशा पाडला. थोड्याच वर्षांत जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनीही नर पिल्लं मारतो याची नोंद केली. जात एकच, देश एकच. एका रानात मावश्यांचं गोकुळ, दुसऱ्या रानात बालहत्या. खरं वानर कोणतं?

बरेच जण म्हणाले, धारवाड आणि जोधपूरची वानरं बिघडलेली आहेत. गावाजवळ राहतात, माणसं त्यांना चणे-फुटाणे घालतात, दाटी होते, डोकी फिरतात. निरोगी रानात असं होणार नाही. ऐकायला किती पटतं! एक तरुण विद्यार्थिनी हेच तपासायला १९७१ साली हार्वर्डहून माउंट आबूला आली. तिचं नाव सारा ब्लॅफर ह्रडी. दाटीमुळे नर पिसाळतात, ही कल्पना मनात घेऊनच ती आली होती.

पण वानरांनी तिची कल्पना मोडून काढली. दाटी असलेल्या टोळ्यांतही नर आपल्या टोळीतल्या पिल्लांशी नीट वागत होते. ती कधी नराच्या अंगावरही उड्या मारत, आणि तो सहन करी. पिल्लं मरत होती ती बाहेरून नवा नर आल्यावरच. वेड असतं तर त्याने आपलं-परकं बघितलं असतं का?

इथे जरा थांबून हिशोब करू या, कारण सगळं आश्चर्य या हिशोबात आहे. वानरी साधारण साडेसहा महिने गाभण असते. पिल्लू झालं की ते वर्षभर आईच्या दुधावर असतं आणि तोवर आई बहुधा माजावर येत नाही. आता नवा हुप्प्या. टोळी त्याच्या ताब्यात राहणार किती दिवस? आबू आणि जोधपूरच्या नोंदींत सरासरी निघते सव्वादोन वर्षांच्या आसपास. खंडाने शेत घ्यावं दोन वर्षांसाठी आणि त्यात आधीच्या कुळाचा अठरा महिन्यांचा आडसाली ऊस उभा असावा, तशी ही गत. उभा ऊस राखत बसलं तर स्वतःचं पीक कधी घेणार? पिल्लू गेलं की आई काही दिवसांत, आठवड्यांत पुन्हा माजावर येते. नर असा हिशोब डोक्यात मांडत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. पण असं वागणाऱ्या नरांची पोरं जास्त मागे राहिली, त्या पोरांतही तो स्वभाव उतरला आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

आता वानरींकडे बघा. त्या गरीब गाई होऊन बसल्या आहेत का? मुळीच नाही! आबूला ह्रडींनी पाहिलं की ज्यांना पुन्हा पोर होण्याची आशा उरली नव्हती अशा म्हाताऱ्या वानरी त्या नराच्या अंगावर धावून जात होत्या, दातांतून पिल्लू सोडवून आणत होत्या. आणि त्याहून चकित करणारी गोष्ट पुढे आहे. नव्या नराच्या आगमनाच्या वेळी आधीच गाभण असलेल्या काही वानरी माजावर आल्यासारख्या वागून त्याच्याशी संग करतात. का? पिल्लू झाल्यावर ते आपलं नाही, हे नराला ठरवता येऊ नये म्हणून, असं ह्रडींचं म्हणणं. ज्या वागण्याने आपल्या चौथ्या वाचकाने पुस्तक मिटलं, त्याच वागण्याच्या पोटी पुढचं पोर वाचवण्याची धडपड असू शकते. ह्रडींचं ‘द लंगूर्स ऑफ आबू’ १९७७ साली आलं. नरांच्या डावांइतकेच मादीचे डावही त्यांनी त्यात मांडले, आणि नर ठरवतो, मादी सोसते, या समजुतीला मोठा तडा गेला.

पुस्तक आल्यावर शास्त्रज्ञांतला वाद अधिकच तापला. फिलिस जे, म्हणजे नंतरच्या फिलिस डोलिनाउ, आणि त्यांच्या बाजूचे अभ्यासक म्हणत राहिले, की प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेल्या हत्या किती? उरलेलं सगळं अनुमान. तुम्ही वानरांच्या गोष्टीत माणसाची गणितं घुसवता आहात. आठवला ना आपला दुसरा वाचक? “यात माणूस आणू नका” असं बजावणारा? जंगलातला तोच एक प्रसंग कुणाला रोग वाटला, कुणाला नियम. कुणी त्यात समाजाची घडी विस्कटलेली पाहिली, कुणी तिचं मूळ.

ही रस्सीखेच पुढे कशी सुटली माहीत आहे? वानरांच्या विष्ठेने! नेपाळच्या तराईत रामनगर इथे कॅरोला बोरीस आणि सहकाऱ्यांनी टोळ्यांच्या मागे फिरून लेंड्या गोळा केल्या आणि त्यांतला डीएनए तपासला. १९९९ साली निकाल छापून आला. पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, आणि पुढे त्याच आयांना झालेल्या पिल्लांचे बाप बहुधा तेच होते. सगळ्यांच्या शंका संपल्या असं नव्हे, पण पारडं ठळकपणे झुकलं.

माडगूळकरांनी लिहिलं तेव्हा हा निकाल सतरा वर्षं दूर होता. त्यांनी तो लावायचा प्रयत्नही केला नाही, आणि मला वाटतं त्यांची सगळी कमाई इथेच आहे. पंचतंत्रातल्यासारखी त्यांची वानरं शहाणपण सांगत बसत नाहीत. लेखक मधे येऊन “पाहिलंत, माणूसही असाच” म्हणत नाही, आणि “हे निसर्गाला धरूनच आहे हो” म्हणून आपली समजूतही घालत नाही. अर्थ लावण्याचं काम सबंध आपल्यावर. मग ज्याच्या डोक्यात मंत्रालय तो मंत्रालय वाचणार, ज्याच्या डोक्यात रान तो रान. पुस्तकातल्या वानरांना नावं आहेत हा आणखी एक चमत्कार. नाव दिलं की चेहरा येतो, चेहरा आला की आपण बाजू घेतो. आणि ही काही फक्त कादंबरीकाराची युक्ती नव्हे. ह्रडींनीही आबूच्या वानरांना नावं दिली होती, कारण एकेक जीव ओळखता आला नाही तर कोण कुणाचं पोर हेच कळणार नाही.

तिसऱ्या वाचकाशी मात्र माझं पटत नाही. पात्रांच्या मनात शिरल्याशिवाय कादंबरी होत नाही, हा हट्ट कशासाठी? वानराच्या मनात काय चाललं आहे ते कुणाला ठाऊक आहे? शास्त्रज्ञ चार दशकं टोळ्यांच्या मागे हिंडले तेव्हा कुठे त्याच्या वागण्याचा थोडा माग लागला. वागणं नेमकं दाखवायचं आणि मनाच्या दाराशी थांबायचं, हा माडगूळकरांचा संयम मला कादंबरीकाराचाच वाटतो. राजकीय रूपक म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सुचवेन, की पुढाऱ्याचा चेहरा दिसला की पान उलटू नका. हुप्प्याकडे बघून झालं असेल तर जरा वानरींकडे बघा. सत्ता नराच्या हातात दोन-सव्वादोन वर्षं. वानरी मात्र सहसा जन्मल्या टोळीतच म्हाताऱ्या होतात, आया-मुली-मावश्या एकाच मुलखात राहतात. नर येतात आणि जातात. मुलूख पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात त्या.

आणि ओरछाची ती शांत वानरं? फिलिस जे यांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. वानरांच्या काही टोळ्यांत एकच हुप्प्या असतो, काहींत अनेक नर एकत्र नांदतात, आणि त्यावर सारं चित्र पालटतं. ज्या रामनगरने हत्येचा पुरावा दिला, तिथल्याच अनेक नरांच्या टोळ्यांत आणखी एक गोष्ट दिसली. चालून येणाऱ्या नराला आडवं जाऊन पिल्लांना वाचवणारेही नरच होते. त्यांचा डीएनए तपासला तेव्हा कळलं, की हे रखवालदार त्या पिल्लांचे बाप होते किंवा निदान बाप असू शकत होते, पिल्लू पोटात राहिलं तेव्हा टोळीत हजर होते. तेच वानर, तीच जात: एका पिल्लाचा काळ आणि दुसऱ्याचा राखणदार.