थर्मोस्टॅट काढून टाकू नका, नवा बसवा

गाडीचा थर्मोस्टॅट बिघडला की आपल्याकडे हमखास सल्ला मिळतो, "काढून टाका शेठ, त्याची काही गरज नाही." मीही तो ऐकला आणि वर्षभर त्याची किंमत पेट्रोलमध्ये मोजली. व्यापारी बंधूंचे असे नुकसान होऊ नये म्हणून हा तजुर्बा सांगतो.

भर उन्हाळ्यात पुण्याहून कापडाचे गठ्ठे घेऊन येत होतो. केडगाव जवळ आले आणि काटा लाल रेघेला भिडला. इंजिन तापले होते, पण रेडिएटरचा खालचा पाईप गार होता. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला होता. मिस्त्रीने तो काढून फेकला. गाडी चालू झाली, पण केडगाव ते नगरच्या कापड बाजाराची माझी रोजची फेरी काही किलोमीटरचीच. तेवढ्यात इंजिन गरमच होईना आणि अॅव्हरेज घसरले.

रंगारी भाईंना हे लगेच पटेल. पाणी कमी तापले तर रंग धरत नाही, जास्त तापले तर माल बिघडतो. इंजिनाचेही तसेच आहे. थर्मोस्टॅटच्या डबीत मेण असते. साधारण ८० ते ९० अंशांवर ते वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाते. तोवर झडप बंद राहून इंजिन लवकर गरम होते. झडप बंदच राहिली तर हेड वाकण्याची, गॅस्केट जळण्याची भीती. उघडीच राहिली, किंवा थर्मोस्टॅटच नसला, तर इंजिन थंड राहते, इंधन जास्त जाते आणि झीजही वाढते.

तपासणी सोपी आहे. काढलेला थर्मोस्टॅट दोरीने पातेल्यातील पाण्यात टांगा आणि पाणी उकळवा. झडप उघडली नाही, किंवा गार झाल्यावर मिटली नाही, तर तो निकामी समजा.

बदलताना इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम रेडिएटरचे झाकण उघडले तर वाफेने हात-तोंड भाजते. थोडे कूलंट काढून घ्या, घराचे बोल्ट सोडा आणि जुन्या गॅस्केटचा अंश खरवडून काढा. नव्या थर्मोस्टॅटवरील अंशांचा आकडा कंपनीने सांगितलेलाच हवा. मेणाची डबी इंजिनाच्या बाजूस ठेवा. हवेचे बारीक छिद्र असेल तर ते बहुतेक गाड्यांत वर येते. गॅस्केट नवे घाला, बोल्ट सारखे आवळा. साध्या पाण्याऐवजी कूलंट भरा आणि आत अडकलेली हवा निघेपर्यंत इंजिन चालू ठेवा.

या वस्तूला काही शे रुपये लागतात, हेडच्या कामाला हजारो. गॅरेज चालवणाऱ्या आपल्या कारागीर भाईंना एकच विनंती. पातेल्यातील ही परीक्षा ग्राहकासमोर करा आणि बिलासोबत जुना भाग त्याच्या हातात द्या. असा ग्राहक पुढच्या कामालाही तुमच्याकडेच येईल.