कॅम्पसचं वाय-फाय जोडताना

विद्यापीठात लॅपटॉप उघडला की वाय-फायच्या यादीत अनेकदा ‘एज्युरोम’ दिसतं. २००२ मध्ये युरोपात सुरू झालेली ही सोय आज १०० हून अधिक देशांत आहे. एका संस्थेचा आयडी दुसऱ्या संस्थेतही चालतो, कारण पासवर्ड तपासते ती तुमची मूळ संस्थाच.

चूक होते ती पहिल्या जोडणीत. सर्टिफिकेट मान्य आहे का, असं विचारलं जातं आणि आपण न वाचताच ‘होय’ म्हणतो. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. ते न तपासल्यास त्याच नावाचं बनावट वाय-फाय उभारून पासवर्ड लांबवता येतो. अनेकदा त्याच पासवर्डने ईमेलही उघडतो.

म्हणून संस्थेच्या सूचनेतलं सर्व्हरचं नाव आधी जुळवा. जुळलं नाही, तर जोडू नका. संगणक विभागात विचारा.