पोलाद आणि पाणी
लेखांक पाचवा : वस्तऱ्याचा गंज आणि मुंबईची हवा

मागील लेखांकात विळीच्या पात्याचा विचार करताना आपण असे पाहिले की, घरातील पोलादाचा नाश वापराने होत नाही, तर वापरानंतरच्या दुर्लक्षाने होतो. तोच सिद्धान्त या आठवड्यात अधिक नाजूक आणि अधिक मानी अशा एका हत्याराला, म्हणजे वस्तऱ्याला लावून पाहावयाचा आहे. केशकर्तनालयातून अखंड पात्याचा वस्तरा आता जवळजवळ हद्दपार झाला असून त्याची जागा दर गिऱ्हाइकामागे बदलावयाच्या पात्याने घेतली आहे, आणि आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु वडिलांचा किंवा आजोबांचा वस्तरा कपाटाच्या खणात जपून ठेवणारी घरे गिरगाव-दादरकडे अजून आहेत, आणि हौसेने त्याच वस्तऱ्याने दाढी करू लागलेली तरुण मंडळीही आहेत. प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

वस्तऱ्याचे पोलाद म्हणजे शंभर भागांत सुमारे एक भाग कार्बन मिसळलेले लोखंड. ते लाल होईतो तापवून पाण्यात किंवा तेलात एकाएकी थंड केले म्हणजे त्याला काठिण्य येते, आणि या संस्कारालाच आपले कारागीर ‘पाणी देणे’ असे म्हणतात. ज्या पाण्याच्या संस्काराने पात्याला तेज चढते, तेच पाणी पुढे त्याचे वैरी होते. उत्तम लावलेल्या धारेची जाडी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे बारीक केसाच्याही शतांशाएवढी असते. विळीच्या अंगावर गंजाचा ठिपका उठला तरी भाजी चिरली जाते; येथे मात्र डोळ्यांना न दिसणारा गंजसुद्धा धारेची कड खाऊन टाकतो. ‘काल चांगला चालणारा वस्तरा आज का ओढतो?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

लोखंड, प्राणवायू आणि जल ही तिन्ही एकत्र आली म्हणजे गंज धरतो. हा गंज सच्छिद्र असून मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो खालच्या धातूचे रक्षण करीत नाही. उलट स्पंजाप्रमाणे ओल धरून ठेवतो आणि आपलाच विस्तार करतो. व्हर्नन नामक इंग्रज रसायनवेत्त्याने १९३०च्या दशकात असे दाखवून दिले की, हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास असलेल्या एका मर्यादेखाली राहिली तर लोखंड फारच सावकाश गंजते. ती मर्यादा ओलांडली, आणि हवेत गंधकाच्या धुराचा अल्पसा अंश असला, की गंज झपाट्याने वाढतो.

हा दाखला मुंबईला लावून पाहिला म्हणजे आपल्या अडचणीचे स्वरूप ध्यानात येते. जुलै-ऑगस्टमध्ये येथील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. हवेतून येणारे साधे मीठ पंचाहत्तर टक्के आर्द्रतेला आपण होऊन पाघळते, आणि समुद्राच्या मिठात मिसळलेले मॅग्नेशियम क्लोराइड तर तेहतीस टक्क्यांच्या आसपासच ओलावा ओढू लागते. चौपाटीवरून गिरगावच्या गल्ल्यांत शिरणारा वारा असा क्षारांचा सूक्ष्म थर पात्यावर बसवून जातो, आणि मग पाण्याचा थेंबही न लागता पाते ओले राहते. परळ-लालबागला एके काळी याच्या जोडीला गिरण्यांच्या धुराड्यांतील दगडी कोळशाचा धूर होता. धुराडी थंडावली, परंतु वाहनांचा धूर आणि खारी हवा यांचा अंमल कायम आहे.

असे असताना जुन्या नाभिकाच्या धोपटीतला वस्तरा लखलखीत कसा राही? तो दिवसभर हातात असे, हे याचे कारण. प्रत्येक दाढीच्या आधी तो चामड्याच्या पट्ट्यावर किंवा तळहातावर फिरे, प्रत्येक दाढीनंतर पुसला जाई, आणि गंजाला मूळ धरण्याची मुदतच मिळत नसे. घरचा वस्तरा मात्र एका रविवारच्या दाढीपासून पुढच्या रविवारपर्यंत, आठवडाभर पडून राहतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली, आणि निवांत दाढीचा वार म्हणून रविवार कष्टकऱ्याच्या आयुष्यात आला. त्याच वर्षी त्याच लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून विधवांच्या केशवपनासाठी वस्तरा न उचलण्याचा निर्धार केला. ज्या हत्याराने या शहरात असा नैतिक विवेक दाखविला, ते आपल्या घरी आळसापायी गंजून जावे, हे शोभत नाही, असे मला तरी वाटते.

आता प्रत्यक्ष तजवीज. दाढी संपताच पाते स्वच्छ पाण्याने, शक्य तर गरम पाण्याने, धुवावे. गरम झालेले पोलाद लवकर वाळते. साबणाचा फेस आणि घामातील क्षार निघून गेले पाहिजेत, परंतु मूठ पाण्यात बुडता कामा नये, कारण पाते मुठीला जोडणाऱ्या खिळ्याच्या खाचेत शिरलेले पाणी कोणत्याच फडक्याला सापडत नाही. मग जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने पाठीकडून धारेकडे पुसावे. धारेच्या लांबीने कधीही पुसू नये, कारण त्यात बोटांचीही हानी आहे आणि धारेचीही. खिळ्याभोवतीची आणि मुठीच्या दोन पट्ट्यांमधली ओल कापडाची पट्टी ओवून टिपावी. तुरटी फिरविलेल्या ओल्या हाताने पात्याला स्पर्श करू नये, कारण तुरटीचे पाणी आम्ल असते. कपडे शुभ्र करण्याच्या द्रावणात तर वस्तरा क्षणभरही बुडवू नये. त्यातील क्लोरीन पोलादाला डाग पाडल्याखेरीज राहत नाही.

यानंतर कोरड्या चामड्यावर, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, दहा-पंधरा हात द्यावे. या घासण्याने धारेवरची उरलीसुरली ओल निघून जाते. मग वस्तरा तासभर अर्धवट उघडा ठेवावा, आणि त्यानंतरच तेलाचा हात द्यावा. हा क्रम अनेकजण उलटवितात. ओल्या पात्यावर तेल चोपडणे म्हणजे चोराला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावणे होय.

तेल कोणते, याविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. हाताशी असते म्हणून खोबरेल लावले जाते. परंतु वनस्पतिजन्य तेल महिनोन्‌महिने राहिले म्हणजे खवट होते, त्यात मेदाम्ले सुटतात, आणि रक्षणासाठी ठेवलेला पहारेकरीच पोलाद कुरतडू लागतो. खनिज तेल असे विटत नाही. शिवणयंत्राला घालतो ते पातळ तेल या कामी उत्तम. गिरणीतील चात्यांना घातले जाणारे तेलही याच जातीचे होते. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब घेऊन पात्याच्या दोन्ही अंगांना दिसेल-न दिसेल असा थर द्यावा, आणि पुढच्या दाढीपूर्वी तो पुसून टाकावा.

ठेवण्याच्या जागेबद्दल मी स्वानुभवाने सांगू शकतो. गिरगावच्या आमच्या चाळीत माझ्या वडिलांचा वस्तरा मोरीच्या वरच्या फळीवर, चामड्याच्या म्यानात असे. एका पावसाळ्यात ते महिनाभर गावी गेले, आणि परतल्यावर म्यानातून निघालेले पाते तपकिरी ठिपक्यांनी भरले होते. त्यांनी काही म्हटले नाही, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. चामडे ओल धरते आणि कमावणीतील क्षारही बाळगते, म्हणून ते प्रवासापुरतेच ठीक. वस्तरा न्हाणीघरापासून दूर, घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा, आणि ती पुडी अधूनमधून तापवून कोरडी करून घ्यावी. मूठ जुन्या सेल्युलॉइडची असल्यास विशेष खबरदारी हवी. दादासाहेब फाळके यांच्या काळातील चित्रफिती ज्या नायट्रोसेल्युलोजच्या होत्या, त्याच द्रव्याच्या या मुठी. ते जुने झाले की कुजू लागते आणि नत्राम्लाची वाफ सोडते. त्या फितींचा जसा नाश झाला, तसाच शेजारच्या पात्याचाही होतो. असा वस्तरा बंद डब्यात इतरांसोबत ठेवू नये. ठिपके मुठीलगत दिसू लागले, तर मूठ बदलून घ्यावी.

गंज धरलाच, तर लिंबू किंवा चिंच लावू नये. तांब्याची कळशी चिंचेने उजळते म्हणून पोलादही उजळेल, हे अनुमान चुकीचे आहे. आम्लाने गंजाबरोबर चांगला धातूही झिजतो. काळसर छटेला भिऊ नये, ती बहुधा स्थिर असते. तांबड्या डागावर तेल सोडून काही तास थांबावे आणि धातू उजळण्याच्या मलमाने पाठीकडून हलके चोळावे. खड्डा धारेपर्यंत पोहोचला असेल, तर जाणत्या कारागिराकडून दगडावर धार नव्याने लावून घ्यावी, आणि तोपर्यंत त्या वस्तऱ्याने दाढी करू नये, कारण खाचांत मळ बसतो.

पाते वाळण्याचा तासभर सोडला, तर या साऱ्या व्यवहाराला पाच मिनिटे पुरतात. येत्या जूनचा पहिला पाऊस पडण्यापूर्वी घरातील जुना वस्तरा खणातून काढून, म्यानातून मोकळा करून, एकदा उजेडात पाहावा, एवढीच वाचकांना विनंती आहे. पुढील लेखांकात सुतारकामाच्या रंध्याचा विचार करू.