न दिसणाऱ्या माणसाचा सिनेमा

दोस्तांनो, पुणे-सोलापूर रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा असेल. पुण्यातून निघालं, हडपसर मागे पडलं, की जवळच फुरसुंगी. हे गाव कुणाचं? बरोब्बर! आपल्या बनेश फेणेचं, म्हणजेच फास्टर फेणेचं. तसंच पुढे दौंड तालुक्यात गेलं की लागतं कुरकुंभ. फिरंगाईदेवीचं गाव आणि आता रासायनिक कारखान्यांचंही. इथल्या मुलांना ‘रसायन’ हा शब्द पुस्तकाच्या आधी रस्त्यावरच्या टँकरवर भेटतो.

फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत. ज्यूल व्हर्नच्या विज्ञान-कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या त्याही त्यांनीच. ‘झपाटलेला प्रवासी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही त्यातली पुस्तकं तुमच्या आई-बाबांनी नक्की वाचली असतील, विचारून पाहा. पुढे 2017 साली आदित्य सरपोतदार यांनी फास्टर फेणेला सिनेमात आणलं. पण पडद्यावर आला तो शाळकरी बन्या नव्हे. आला तो डॉक्टर होण्याच्या परीक्षेसाठी पुण्यात येणारा तरुण! काहींना हे आवडलं, काही रुसले.

खरं सांगू? पुस्तक जसंच्या तसं पडद्यावर कधीच येत नाही. काय बदललं आणि का बदललं, हे शोधण्यातच खरी गंमत असते. विज्ञानकथेत तर जास्तच! म्हणून आज आपण एका अशा पात्राचा माग काढू, जे मुळात दिसतच नाही.

पुस्तकातला ग्रिफिन

एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने 1897 साली ‘अदृश्य माणसा’ची कादंबरी लिहिली. तिचा नायक ग्रिफिन हा शास्त्रज्ञ. तो जादूटोणा करत नाही, मंत्र म्हणत नाही. तो भौतिकशास्त्र वापरतो. त्याचं म्हणणं असं: वस्तू आपल्याला दिसते, कारण ती प्रकाश शोषते, परावर्तित करते किंवा वाकवते. शरीराचा अपवर्तनांक हवेइतका केला आणि रंगही घालवला, तर प्रकाश सरळ आरपार जाईल. मग दिसणार काय? काहीच नाही!

थाप वाटते ना? मग शाळेच्या प्रयोगशाळेत सरांना किंवा बाईंना सोबत घेऊन हे करून पाहा. एका चंचुपात्रात ग्लिसरीन घ्या. बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी ग्लिसरीननेच भरा आणि हळूच त्यात बुडवा. नळीचा बुडलेला भाग जवळजवळ नाहीसा होतो! या काचेचा आणि ग्लिसरीनचा अपवर्तनांक साधारण सारखाच, 1.47च्या आसपास. त्यामुळे प्रकाशाला वाकायचं कारणच उरत नाही. घरातला साध्या काचेचा पेला मात्र असा पूर्ण गायब होत नाही, कारण त्याचा अपवर्तनांक थोडा जास्त असतो.

आता एक अडचण. आपल्याला दिसतं, कारण डोळ्यातलं भिंग प्रकाश वाकवतं आणि आतला पडदा तो शोषतो. ग्रिफिनचे डोळे पूर्ण पारदर्शक झाले, तर तो आंधळाच होणार की! वेल्सला याची थोडी जाणीव होती. त्याने ग्रिफिनच्या डोळ्यांमागे धुक्याहून पुसट असा रंगाचा अंश शिल्लक ठेवला. पोटातलं न पचलेलं अन्न दिसतं, हेही तो विसरला नाही. याला म्हणतात कल्पनेला विज्ञानाचा लगाम!

पडदा काळा, कपडेही काळे

1933 साली दिग्दर्शक जेम्स व्हेल यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला. त्यांच्यापुढे पेच पडला. न दिसणारा माणूस ‘दाखवायचा’ कसा?

चित्रपटाच्या बाल्यावस्थेतली युक्ती सोपी होती. कॅमेरा थांबवायचा, माणसाला बाजूला करायचं, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. पडद्यावर माणूस गडप! फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांनी अशा कितीतरी करामती केल्या. आपले दादासाहेब फाळकेही त्यात पटाईत. ‘राजा हरिश्चंद्र’च्या (1913) आधी त्यांनी थोड्याथोड्या वेळाने एकेक चित्र घेऊन वाटाण्याचं रोप पडद्यावर भराभर वाढवून दाखवलं होतं.

पण व्हेल यांना हवा होता चालणारा-बोलणारा सदरा, आत कुणीच नसलेला! त्यांचे करामतकार जॉन फुल्टन यांनी नटाला डोक्यापासून पायापर्यंत काळ्या मखमलीत गुंडाळलं, वर साधे कपडे चढवले आणि काळ्या मखमलीच्याच पडद्यासमोर उभं केलं. काळ्यावर काळं दिसेना, उरले फक्त कपडे. मग ही फीत आणि खोलीची फीत एकत्र छापली. नट क्लॉड रेन्स यांचा चेहरा प्रेक्षकांना दिसतो तो थेट शेवटी!

मात्र अपवर्तनांकाचं व्याख्यान चित्रपटात आलं नाही. त्याऐवजी आलं ‘मोनोकेन’ नावाचं काल्पनिक औषध. ते म्हणे भारतातल्या एका फुलापासून बनतं, रंग घालवतं आणि माणसाला वेडही लावतं. या एका बदलाने केवढा फरक पडला बघा! पुस्तकातला ग्रिफिन आधीपासूनच रागीट आणि स्वार्थी. त्याच्या हातून जे घडतं, त्याला तोच जबाबदार. सिनेमात बराचसा दोष औषधावर जातो.

मुंबईचा मिस्टर इंडिया

1987 साली शेखर कपूर यांचा ‘मिस्टर इंडिया’ आला. पटकथा सलीम-जावेद यांची. हा काही वेल्सच्या कादंबरीवरून घेतलेला नाही, पण कल्पना त्याच घराण्यातली. इथे अदृश्य करतं ते मनगटावरचं यंत्र, नायकाच्या शास्त्रज्ञ वडिलांनी बनवलेलं. आणि लाल प्रकाशात नायक दिसतो!

विज्ञानाच्या तासाला हे टिकेल का? लाल काच नवं काही दाखवत नाही. ती फक्त लाल सोडून बाकीचे रंग अडवते. पण दिग्दर्शकाच्या बाजूने विचार करा. नायक तीन तास दिसलाच नाही तर प्रेक्षक घाबरणार कुणासाठी, टाळ्या वाजवणार कुणासाठी? लाल प्रकाशामुळे नायक दिसला आणि त्याला धोकाही निर्माण झाला. विज्ञान थोडं सुटलं, गोष्ट मात्र पकडीत आली.

आणखी एक बदल त्याहून मोठा. ग्रिफिन अदृश्य होऊन लोकांना छळतो. आपला अरुण घरात सांभाळलेल्या अनाथ मुलांसाठी आणि मोगॅम्बोला रोखण्यासाठी ती शक्ती वापरतो.

खरा प्रश्न

म्हणजे औषध बदललं, यंत्र बदललं, देश बदलला, पण प्रश्न तोच राहिला: कुणी पाहत नसेल तर तुम्ही कसे वागाल?

हा प्रश्न फक्त सिनेमातला नाही. कुरकुंभच्या कारखान्यांनी घरोघरी रोजगार आणला, तशा दूषित पाण्याच्या आणि हवेच्या तक्रारीही आणल्या. रसायन स्वतः चांगलंही नसतं, वाईटही नसतं. रात्रीच्या अंधारात, कुणी बघत नसताना नळाची तोटी फिरवणारा माणूस कसा आहे, यावर ओढ्याचं पाणी ठरतं. तुमच्यापैकी कुणी उद्या तिथे रसायनतज्ज्ञ म्हणून उभा राहील, तेव्हा हा ग्रिफिन जरूर आठवा.

आणि कुणाला सिनेमा काढायचा असेल तर? मराठीत जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’सारख्या विज्ञान-कादंबऱ्या आहेत. त्या वाचा. आई-बाबांच्या मोबाइलवर कॅमेरा थांबवायची फाळक्यांच्या काळातली युक्ती करून पाहा. पुढच्या वेळी पुस्तकावरचा सिनेमा घरच्यांसोबत बघाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा: काय गाळलं? काय वाढवलं? आणि मूळ प्रश्न शिल्लक राहिला का?

तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर दिग्दर्शकाने पुस्तक नीट वाचलंय असं खुशाल समजा!