ओसाड कशाला म्हणायचं? थरचे पक्षी आणि त्यांची माणसं

वाळवंट म्हटलं की आपल्यासमोर वाळू, उंट आणि रिकामं क्षितिज उभं राहतं. तिथे पक्षी पाहायला काय जायचं, असाही प्रश्न पडतो. आज आपण थरच्या वाळवंटातली दोन उदाहरणं पाहू. त्यांतून एक गोष्ट तपासायची आहे : पक्ष्यांवर प्रेम केलं म्हणजे ते वाचतात का?

पहिलं उदाहरण राजस्थानात फलोदीजवळच्या खीचन गावाचं. मंगोलिया, कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशांतून निघालेले कांड्या करकोचे पावसाळा संपता संपता इथे उतरतात आणि मार्चपर्यंत राहतात. तिथले लोक त्यांना ‘कुरजां’ म्हणतात. जगातल्या सगळ्या क्रौंचांमध्ये हा आकाराने सर्वांत लहान. आपल्याकडे जायकवाडीसारख्या जलाशयांवरही तो हिवाळ्यात दिसत आलेला आहे. पण खीचनला तो हजारोंच्या संख्येने येतो.

असं का झालं? १९७०च्या दशकात गावातले रतनलाल मालू कबुतरांना, चिमण्यांना, मोरांना दाणे टाकत असत. त्या दाण्यांवर थोडे करकोचेही येऊ लागले. पुढे गावाने ते काम आपलं मानलं. कुत्र्यांचा त्रास नको म्हणून कुंपण घातलेलं ‘चुग्गाघर’ उभं राहिलं. व्यापारानिमित्त बाहेरगावी गेलेल्या जैन कुटुंबांकडून धान्यासाठी देणग्या येत राहिल्या. सकाळी थवे आधी वर घिरट्या घालतात, धोका नाही ना हे बघतात, मग उतरतात. दाणे टिपून झाले की तलावाकडे जातात. २०२५ मध्ये खीचनचा समावेश रामसर पाणथळींच्या यादीत झाला.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. एवढे पक्षी एका जागी दाटीने जमले की रोग पसरण्याची भीती वाढते. नुसत्या दाण्यावर भागत नाही. तलाव, भोवतालची मोकळी जमीन आणि तारांपासून मोकळं आकाशही लागतं.

आता दुसरं उदाहरण, माळढोकाचं. राजस्थानात त्याला ‘गोडावण’ म्हणतात आणि तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. तो दाण्यासाठी गावात येत नाही. उघड्या माळावर राहतो, तिथेच जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे आजूबाजूचं त्याला छान दिसतं, पण समोरचं कमी दिसतं. समोर वीजवाहिनी आली तर जड अंगामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. आज देशात दीडशेच्या आसपासच माळढोक उरले असावेत असा अंदाज आहे आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या परिसरात आहेत. आपल्या सोलापूरजवळचं नान्नज एकेकाळी माळढोकासाठी प्रसिद्ध होतं. आता तिथे त्याचं दर्शन जवळजवळ थांबलंय.

म्हणजे एकाच वाळवंटात एक पक्षी वाढला आणि दुसरा संपत चालला. फरक कशाचा? करकोचा दाण्यावर येतो, त्याचं रक्षण करणं गावाच्या हातात असतं. माळढोकाला मात्र मैलोन्‌मैल मोकळा माळ हवा. आणि सरकारी नोंदींत अशी जमीन अनेकदा ‘पडीक’ ठरते. पडीक म्हटल्यावर तिथे सौरप्रकल्प आणि वीजवाहिन्या आणायला कुणाला काय अडचण?

गावकऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. थरमध्ये देवाच्या नावाने राखलेल्या जमिनीला ‘ओरण’ म्हणतात. तिथे झाड तोडायचं नाही, नांगर घालायचा नाही. गुरं चरतात, पावसाचं पाणी साठतं, खेजडी-बोरं वाढतात, आणि पक्ष्यांना जागा मिळते. जैसलमेरजवळच्या देगराय ओरणासाठी लोकांनी आवाज उठवला तो यासाठीच. विजेला त्यांचा विरोध नव्हता. ही जमीन रिकामी नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये माळढोकाच्या क्षेत्रातल्या वीजवाहिन्या शक्य तिथे जमिनीखाली घ्यायला सांगितलं. २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. सौरऊर्जाही आपल्याला हवी आहे, त्यामुळे पेच खरा आहे. म्हणूनच कोणती जमीन द्यायची, हे ठरवण्याआधी तिथे कोण राहतं हे पाहायला हवं.

पक्षिनिरीक्षणाचा खरा उपयोग इथे आहे. आपण माळावर जाऊ तेव्हा गाडी वाटेवरच ठेवू, घरट्याजवळ जाणार नाही, मेंढपाळाला विचारू. आणि पक्ष्याचं नाव लिहिताना जागेचंही लिहू : गवत किती, पाणी कुठे, तारा कुठून जातात. अशा नोंदी साठल्या की त्या जमिनीला कुणी सहजासहजी ओसाड म्हणू शकणार नाही.